उत्थान की लाचारी?

नोकरीला लागलेल्या मुलाला आपण सांगतो, "साहेबाच्या मर्जीत राहा." हा उपदेश धम्माला धरून आहे काय?

कक्करपत्त नगरात दीघजाणू कोलियाने भगवंतांना विनविले, की आम्ही मुलाबाळांच्या गराड्यात राहणारे, सोनेचांदी बाळगणारे गृहस्थ. आमच्या हिताचे सांगावे. तथागतांनी प्रथम सांगितले ते उत्थान: शेती असो, व्यापार असो वा राजाची चाकरी, आपल्या कामात दक्ष व्हावे, त्याची रीत स्वतः विचार करून शोधावी. मग कमाईचे रक्षण, कल्याणमित्र, मिळकत पाहून खर्च. मर्जीचा उल्लेखच नाही!

आणि वरिष्ठ अन्यायी असला तर? सिगालोवाद सुत्तात चाकराने काम चोख करावे असे आहेच. पण त्याआधी मालकाची पाच कर्तव्ये मोजली आहेत. शक्तीप्रमाणे काम, अन्नवेतन, आजारात शुश्रूषा, गोडधोडात वाटा, वेळेवर सुटी. तेव्हा रजा मागणारा कामगार उद्धट कसा? (काम कच्चे ठेवून मागणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याचे कोणी ऐकत नाही.) मात्र मालकाने कर्तव्य टाळले तर पुढे काय, हे तेथे सांगितलेले नाही. तेथे कायदा लागतो. मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी १९४५ साली कारखान्यांतील पगारी रजेचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मंजूर करून घेतले.