मोहरी कुणाच्या घरची?

नीरेकाठच्या दशक्रियेत हल्ली विधीपेक्षा भाषणं लांबतात. घाटावर सतरंज्या, कर्णा, महाराजांचं प्रवचन. ते आटोपलं की श्रद्धांजल्या सुरू होतात. कारखान्याच्या वतीने एक, दूध संघाच्या वतीने एक, मग सोसायटी, पतसंस्था, तंटामुक्ती समिती. गेलेलं माणूस ऐंशीचं असेल तर हे सगळं खपून जातं. पण रस्त्यावर गेलेलं शाळकरी पोर असलं तरी भाषण तेच असतं. काळाने घाला घातला, देवाला आवडणारी माणसं तो लवकर नेतो, कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मग पुढारी लगबगीने गाडीत बसतात, कारण त्याच सकाळी दुसऱ्या गावची दशक्रियाही गाठायची असते.

या भाषणांचा मला राग येत नाही. ती करायची असतात, ऐकायची नसतात, हे करणाऱ्यालाही माहीत असतं. माझं भांडण आहे ते आमच्या एका सरांशी, कारण सर विचार करून बोलतात.

सर तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेत. सकाळी नीरा-बारामती रस्त्याने फिरायला जातात. पणदऱ्याच्या आसपास, माळेगाव आणि सोमेश्वर या दोन कारखान्यांच्या पट्ट्यात, रस्त्याकडेला अधूनमधून एखाद्या पोराचा फ्लेक्स लागलेला दिसतो. शाळेच्या गणवेशातला फोटो, वर 'प्रथम पुण्यस्मरण', खाली 'शोकाकुल मित्रपरिवार'. सरांना तो खुपतो. त्यांचं म्हणणं असं, की आपण शोक उराशी धरून बसायला आणि वर त्याचं प्रदर्शन मांडायला शिकलो. 'किसा गोतमीला बुद्धांनी फोटो लावायला नाही सांगितलं, मोहरी आणायला सांगितली,' असं ते म्हणाले आणि विषय संपल्यासारखा चहाचा कप खाली ठेवला.

तो विषय संपलेला नाही म्हणून हा लेख.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. श्रावस्तीची किसा गोतमी मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत हिंडते. बुद्ध म्हणतात, ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरची मूठभर मोहरी आण. ती दारोदार फिरते, मोहरी घरोघर आहे, पण तसं घर कुठंच नाही. मरण सगळ्यांनाच आहे हे तिला उमगतं आणि ती मूल स्मशानात ठेवून परत येते.

आता यातला तर्क तेवढा बघा. जे घरोघरी आहे तो सृष्टीचा नियम, आणि नियमापुढे रडायचं नसतं. म्हातारपण, आजार, कधीतरी येणारं मरण, यांच्यापुरतं हे बरोबर आहे. पण घरोघरी असणारं सगळंच सृष्टीच्या नियमात बसत नाही. गावात घरोघर हगवण लागली तर कुणी अनित्यतेचा बोध घेत नाही, पाण्याच्या टाकीत कोण मेलंय ते बघायला माणूस वर चढवतात. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत अठरा वर्षांखालची साडेनऊ हजारांवर, म्हणजे रोज सव्वीस मुलं. आज कुणी आई आमच्या तालुक्यात मोहरी मागत निघाली आणि 'ज्या घरातलं कुणी रस्त्यावर गेलं नाही' अशी अट घातली, तर पुष्कळ दारांतून तिला मान हलवूनच परत पाठवतील. मग तिने काय समजून घ्यायचं? मरण अटळ आहे, की टाकी नासली आहे?

ज्यांनी हंगाम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दिवाळीच्या सुमारास कारखान्याचं धुराडं पेटतं आणि रस्त्यांची मालकी बदलते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. ऊस फाळक्याच्या बाहेर हातभर आलेला, वाढी मागं लोंबत असतात, आणि रिफ्लेक्टर असलाच तर तो त्या वाढ्यांनी झाकलेला. मागचा दिवा बहुधा नसतोच. पुढं मात्र डेक एवढा मोठा, की मागून आलेला हॉर्न ऐकू येऊ नये. ड्रायव्हरला पैसे खेपेवर, म्हणून झोप खेपेतून चोरायची. रात्री टायर फुटला की चाकांना दगड लावतात. सकाळी ट्रॉली निघून जाते आणि दगड तिथंच, रस्त्याच्या मधोमध, पुढच्या दुचाकीची वाट बघत राहतात.

आणि पोरं ऊस ओढतात. आमच्या वयाच्या प्रत्येकाने चालत्या गाडीतला ऊस ओढलेला आहे, कारण शेतातल्या उसापेक्षा तो गोड लागायचा. तेव्हा पुढं बैल असायचे. आता साठ अश्वशक्तीचं इंजिन असतं आणि मागं दोन ट्रॉल्या. खेळ तोच राहिला, गाडी बदलली, आणि ही अदलाबदल करताना पोरांना कुणी विचारलं नव्हतं. तरी अपघात झाला की पारावर पहिलं वाक्य ऐकू येतं, 'पोरगं जरा खोडकरच होतं.'

सर म्हणाले, 'हे सगळं व्यवस्थेचं झालं. मी आईच्या दुःखाबद्दल बोलतोय.'

ही फारकत मला मान्य नाही, आणि सरांच्या गोतमीलाही ती मान्य नसावी. थेरीगाथेत तिच्या नावावर ज्या गाथा आहेत त्यांत मोहरी नाही. मोहरीची कथा नंतरच्या अट्ठकथांतली. तिच्या गाथांत बाईपणाचं दुःख आहे, सवतीचं आहे, बाळंतपणाचं आहे. हे काही सूर्योदयासारखे सृष्टीचे नियम नव्हेत. निदान सवत तरी माणसानेच आणून बसवलेली असते. आपलं दुःख कुठून कुठून येतं याची यादी गोतमीने स्वतः केली होती. आपण ती बाजूला ठेवली आणि तिला एका मुठीची गोष्ट करून टाकलं.

या जागी मला नेहमी आंबेडकर आठवतात, आणि सरांनी बुद्धाचा विषय काढलाच आहे तर तिथं थोडं थांबणं भाग आहे. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रास्ताविकात त्यांनी परंपरेलाच उलटतपासणीसाठी उभं केलं आहे. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिलं म्हणून घर सोडलं, असं सांगतात. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यातलं काहीच पाहिलं नव्हतं, हे पटतं का? त्यांना पटलं नाही. त्यांच्या बुद्धाने घर सोडलं ते शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेल्या भांडणामुळे. नीरा डाव्या कालव्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात त्या मुलखात हे कारण फार समजावून सांगावं लागत नाही. पुढचा प्रश्न त्याहून धारदार. जन्म, जरा, मरण हेच दुःख असेल तर त्यावर उपाय काय उरतो, आणि माणसाला आशा कसली उरते? म्हणून त्यांनी धम्माचा रोख माणसाने माणसाला दिलेल्या दुःखाकडे वळवला. सरांच्या मोहरीला याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही. मरणाचं दुःख एक, मारलं जाण्याचं दुःख दुसरं, आणि दुसऱ्याला पहिल्याचं औषध देणं म्हणजे मारणाऱ्याला मोकळं सोडणं.

इथं लेख संपवता आला असता. सरांना गप्प बसवायला एवढं पुरेसं होतं. पण आंबेडकरांचंच एक पत्र मधे येतं.

बाबासाहेब आणि रमाबाईंची पाचांपैकी चार मुलं गेली. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी जुलै १९२६ मध्ये राजरत्न. ऑगस्टमध्ये त्यांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहिलं. त्या पत्रात धडा नाही, कार्यक्रम नाही, समाजाला संदेश नाही. आम्ही यातून सावरलो असं दाखवण्यात अर्थ नाही, जगण्यातलं मीठ निघून गेलं, एवढंच एक बाप सांगतो. दारिद्र्याने आणि आजाराने बालमृत्यू कसे होतात हे त्यांच्याइतकं त्या काळात किती जणांना कळत होतं? तरीही त्या पत्रात ते राजरत्नाला उदाहरण करत नाहीत. पुढच्या मार्चमध्ये महाडचं चवदार तळं आहे. चरित्रात त्या दोन घटना एका पानावर आणून 'वैयक्तिक दुःखाचं सामाजिक कार्यात रूपांतर झालं' असं लिहायचा मोह कुणालाही होईल. तसं लिहिलं की पत्र खोटं पडतं. महाड राजरत्नासाठी झालं नाही, आणि महाड झालं म्हणून राजरत्न भरून निघाला नाही.

म्हणजे सरांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट होती. ती माझ्या युक्तिवादात बसत नव्हती. पोराची आठवण कशाच्याही उपयोगाला आणायची नसते. मोहरीवाले तिच्यातून वैराग्य काढू पाहतात आणि माझ्यासारखे तिच्यातून मोर्चा काढू पाहतात. आईला दोघेही सारखेच परके.

ते बिल्होरे बघा. दादाराव बिल्होरे मुंबईत भाजी विकायचे. जुलै २०१५ मध्ये त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पाण्याने भरलेल्या खड्ड्यामुळे गेला. तेव्हापासून दादाराव खडी-माती घेऊन शहरातले खड्डे बुजवत फिरतात. वर्तमानपत्रांनी त्यांना 'पॉटहोल दादा' केलं, सत्कार झाले, आपण सगळ्यांनी डोळे पुसले. त्यांच्यापुढे माझे हात जोडलेले आहेत. पण आपण टाळ्या कशाला वाजवतोय? मुलगा गमावलेला बाप महापालिकेचं काम फुकटात करतोय, याला? हे काम त्याच्या दारात आलंच कसं, असं विचारायचं सोडून आपण त्याला शाल पांघरली.

कोर्टातही तेच. मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात १९९४ पासून, कमाई नसलेल्या माणसाचं मानीव उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलेलं होतं. मूल त्यात आलं. 'किशन गोपाल विरुद्ध लाला' या खटल्यात दहा वर्षांचं पोर १९९२ साली अपघातात गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये उदार होऊन त्याचं उत्पन्न ३०,००० धरलं, कारण ते आईबापांना शेतीत मदत करायचं. गुणिले पंधरा, साडेचार लाख. वर पन्नास हजार. एकूण पाच लाख, एकवीस वर्षांनी. रकमेबद्दल वकिलांनी भांडावं. मला खटकतं ते दुसरंच. आपलं दहा वर्षांचं लेकरू किती कामाचं होतं, हे सिद्ध करायचं ओझं त्याच्या आईबापांवर.

आणि दुसऱ्या बाजूला शोक. तो मात्र आपण घाऊक करतो. जुलै २०२५ मध्ये बारामतीत एक बाप आणि त्याच्या दोन लहान मुली डंपरखाली गेल्या, तेव्हा त्या बापाच्या शेवटच्या क्षणांचा व्हिडिओ प्रत्येक मोबाइलवर हात जोडलेल्या चिन्हांसह फिरला. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअर मारले गेले, तेव्हा बाल न्याय मंडळाने अल्पवयीन चालकाला जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. आदेश पुढे बदलला, पण निबंधाची एवढी किंमत आम्हा लेखकांनाही तोवर कुणी केली नव्हती.

सगळं जागा बदलून बसलंय, ते असं. शोक घराचा असतो, तो गावाने उचलला. भाषणं, फ्लेक्स, व्हिडिओ, निबंध. हिशेब गावाचा असतो, तो घरावर टाकला. पंचनाम्याच्या प्रती, कोर्टाच्या तारखा, खड्डे बुजवणं. रस्त्यात पोर गेलेल्या आईने काय करावं हे सरांनी सांगू नये आणि मीही सांगू नये. तिने गणवेशातला फोटो वीस वर्षं भिंतीवर ठेवावा, नाहीतर उद्या उतरवावा. तिला विसरायची सक्ती नाही आणि झेंडा धरायचीही नाही. हिशेबाची सक्ती आपल्यावर आहे.

हे जमत नाही असं नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर चारशेवर मुलं मेली. त्यांत पत्रकार विक लांगेनहॉफ यांची शाळेत निघालेली मुलगी होती. त्यांनी पुढच्या वर्षी 'मुलांची हत्या थांबवा' अशा मथळ्याचा लेख लिहिला आणि त्यावरून त्याच नावाची चळवळ उभी राहिली. तिची पहिली अध्यक्ष मार्तये व्हान पुटेन होती, एक तरुण आई. स्वतःचं मूल न गमावलेली बाई हिशेब मागायला पुढे आली. आज तिथली पोरं सायकलवर शाळेत जातात हे सगळे सांगतात. पुढं कोण झालं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

आमच्याकडे हिशेब ठेवायची जागा तयार आहे. कारखान्याच्या वार्षिक सभेत पहिला ठराव दुखवट्याचा असतो. अहवाल सालात दिवंगत झालेल्यांना श्रद्धांजली, दोन मिनिटं उभं राहायचं. नंतर गाळप किती, उतारा दोन दशांश स्थळांपर्यंत किती, तोडणी-वाहतुकीचा खर्च किती. हा खर्च आमच्याच एफआरपीतून, म्हणजे उसाच्या ठरलेल्या दरातून, कापतात. म्हणजे ती बिनदिव्याची ट्रॉली कुणा एका ड्रायव्हरची नाही, ऊस घालणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या पैशावर ती पळते. माझ्याही. म्हणून माझी मागणी अशी, की त्या दोन मिनिटांत मुलांची नावं वाचू नका, ती त्यांच्या घरची आहेत. त्याऐवजी वाहतूक खर्चाच्या पानावर एक तक्ता छापा. हंगामात आपला ऊस वाहणाऱ्या गाड्यांच्या अपघातांत किती माणसं गेली, त्यांत मुलं किती, कुठल्या ठिकाणी, गाडीला मागचा दिवा होता का, आणि त्या वाहनमालकाचा करार यंदा पुन्हा केला का.

सरांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'सभेत गोंधळ होईल.' व्हायलाच हवा. उतारा पाव टक्क्याने घसरला तर सभासद माइक हिसकावून घेतात. तेवढा गोंधळ या तक्त्यावर झाला की दशक्रियेतल्या भाषणांना मी खुशाल बसेन.