पाचारण आणि कलचाचणी

ख्रिस्ती तरुणांच्या शिबिरात पाचारणाचा विषय निघाला की हल्ली बऱ्याचदा कलचाचणीचा कागद पुढे येतो. काय आवडते, काय जमते, दहा वर्षांनी कुठे पोचायचे, ते लिहायचे आणि बेरजेला देवाची योजना म्हणायचे. आधाराला यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले, देवाच्या हिताच्या योजनांचे वचन असतेच. पण ते बाबेलात बंदिवान झालेल्या अख्ख्या समाजाला धाडलेल्या पत्रातले आहे आणि सुटकेला सत्तर वर्षे लागतील, असेही तिथेच म्हटले आहे. पत्र ऐकणारे बहुतेक जण परक्या मुलखातच मरणार होते. तोवर त्यांनी घरे बांधायची, बागा लावायच्या आणि नेले त्या नगराचे हित पाहायचे होते. त्यात स्वतःच्या बढतीचा नकाशा शोधणे हा सरळ गैरवापर आहे.

अब्राहाम, शमुवेल, पौल यांना देवाने दिलेली हाक सर्वांना ठाऊक आहे. पुढे मठ आले आणि पाचारण म्हणजे जोगी, धर्मगुरू, धर्मभगिनी यांचाच प्रांत, असे ठरून गेले. मग आला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर. त्याने प्रत्येक धंदा पवित्र केला, म्हणून माझे करिअर हेच माझे पाचारण, असे सर्रास सांगितले जाते. इथेच वाचन चुकते. 1521 मध्ये मठवासी व्रतांवर त्याने हल्ला केला तो मठवासी आपला उद्धार कमावू पाहतात म्हणून. देवाचे प्रेम फुकट मिळते. देवाला आपल्या कर्मांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. पुढच्याच वर्षी विवाहावर लिहिताना त्याने बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाचे उदाहरण दिले. ते काम कुणी आवडीने निवडत नाही; मूल समोर असते, एवढेच. मठातून बाहेर काढलेले पाचारण आपण पुन्हा ‘माझा उत्कर्ष’ या कोठडीत नेले आहे, फक्त उद्धाराच्या जागी यश आले.

यावर रास्त आक्षेप असा की, समोर आलेले काम करा, म्हणजेच आहे त्या जागी राहा, हे सांगणे आपल्याकडे जातीच्या उतरंडीला सोयीचे ठरेल. ल्यूथरही 1525 च्या शेतकरी उठावात राजांच्याच बाजूने उभा राहिला. ते झाकण्यात अर्थ नाही. मात्र शेजाऱ्याची गरज ही कसोटी त्याच्याही पुढे जाते. शास्त्राने विधवेला नेमून दिलेली जागा पंडिता रमाबाईंनी सोडली आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलींना सोबत आणले. गरज पाहिली की जागा मोडावी लागते.

मग अंगच्या गुणांचे काय? संत इग्नेशियस लोयोलाच्या आध्यात्मिक साधनेत माणसाच्या इच्छांना मोठे स्थान आहे, हे खरेच. पण ख्रिस्तचरित्राच्या दीर्घ चिंतनात त्या तावूनसुलाखून घ्याव्या लागतात, आणि प्रेम शब्दांपेक्षा कृतीत दिसावे, असे त्यात बजावले आहे. पोप फ्रान्सिस यांनीही 2019 च्या तरुणांसाठीच्या पत्रात ‘मी कोण’ याच्या पुढे जाऊन ‘मी कुणासाठी’ हे विचारायला सांगितले. रमाबाईंचे पांडित्यही वाया गेले नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणले ते साध्या बायकांना कळेल अशा भाषेत, आणि त्याच्या छपाईत त्यांच्या केडगावच्या आश्रमातल्या स्त्रियांचे हात होते.