चिठ्ठीवरचं गाणं

‘त्या पोरांचं पुढे काय झालं हो?’ टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. उत्तरही विचारणाऱ्याकडे तयारच असतं: चॅनलनं वापरलं आणि सोडून दिलं. टीआरपी, एसएमएस, मंचावरची रडारड यांवर पुष्कळ बोलून झालंय. पण चेहरा घरोघरी पोहोचणं आणि गाणं पोहोचणं यांतला फरक या उत्तरात हरवतो.

2005 मध्ये अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला. त्याच वर्षी अरिजित सिंग ‘फेम गुरुकुल’मध्ये हरला. पुढे कित्येक वर्षं तो संगीतकारांच्या हाताखाली प्रोग्रामिंग करत होता. त्याला नाव मिळवून देणारा ‘आशिकी 2’ आला थेट 2013 मध्ये. यावरून ‘हरणाराच पुढे जातो’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांचं म्हणणं टिकत नाही. सुनिधी चौहान ‘मेरी आवाज सुनो’ जिंकली होती. वैशाली माडे तर मराठी आणि हिंदी, दोन्ही ‘सा रे ग म प’ जिंकली. तरी तिच्या वाट्याला ‘बाजीराव मस्तानी’तलं ‘पिंगा’ यायला 2015 उजाडलं. निकाल काहीही लागो, नवं गाणं वाट्याला येईपर्यंत तग धरावा लागतो.

मुलांच्या स्पर्धांत आणखी एक पेच असतो. ज्या आवाजावर लोक जीव टाकतात तो मुलग्यांच्या बाबतीत वयात येताना फुटतो. पट्टी खाली येते, हरकती नव्यानं बसवाव्या लागतात. लहानपणी ‘लिटिल चॅम्प्स’ गाजवणारा रोहित राऊत मोठेपणी पुन्हा स्पर्धेत उतरला आणि ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात उपविजेता ठरला. याला धाडस लागतं. रोहित आणि लहानपणी त्याच्याबरोबर त्याच पर्वात गायलेले कार्तिकी, प्रथमेश, मुग्धा, आर्या हे पाचही जण 2021 मध्ये त्याच ‘लिटिल चॅम्प्स’च्या परीक्षकांच्या खुर्चीत बसले. म्हणजे ‘सोडून दिलं’ हेही पूर्ण खरं नाही.

मग अडतं कुठे? स्पर्धेतून पुढे आलेल्या गायकाचा कार्यक्रम असला की नाट्यगृहात मध्यंतरानंतर हार्मोनियमजवळ फर्माईशीच्या चिठ्ठ्या येऊन पडतात. बहुतेकींवर लता, आशा, बाबूजी, नाहीतर ‘टीव्हीवर गायला होतात ते’. गायक नवी रचना सुरू करतो, तेवढ्यात मागच्या रांगा चहाला उठतात. स्पर्धेनं त्याला दुसऱ्यांची गाणी गायला लावलं, हे खरं. पण स्पर्धा संपल्यावर वर्षानुवर्षं तीच मागणारे आपण श्रोते आहोत. चॅनलवर फोडलेलं खापर निम्मं तरी आपल्याकडे यायला हवं.

पुढच्या कार्यक्रमात चिठ्ठी पाठवायची असेल, तर तिच्यावर एवढंच लिहा: तुमचं स्वतःचं एखादं गाणं म्हणा.