बेनामी शस्त्र

बंगळूरच्या कब्बन पार्कमध्ये ज्यांचा अश्वारूढ पुतळा २०२० पासून उभा आहे, आणि त्यापूर्वी जो समोरच्या उच्च न्यायालयाच्या, म्हणजे जुन्या अठरा कचेरीच्या आवारात होता, त्या सर मार्क कब्बन यांनी म्हैसूर व कोडगू या प्रांतांचे आयुक्त या नात्याने १८६१ च्या फेब्रुवारीत एक जाहीरनामा काढला. सत्तावनच्या उठावाने हादरलेले सरकार त्या वेळी गावोगावच्या तलवारी, भाले आणि तोड्याच्या बंदुका जमा करीत होते. अशा काळात कोडगूच्या लोकांना मात्र त्यांच्या शौर्याची आणि राजनिष्ठेची तारीफ करून या निःशस्त्रीकरणातून वगळण्यात आले. तो जाहीरनामा काढणारा अधिकारी त्याच वर्षी मायदेशी जाताना सुवेझला वारला. त्याचे राज्यही गेले. पण त्याने दिलेली सूट टिकली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोडव वंशाच्या व्यक्ती आणि ‘जम्मा’ जमिनीचे धारक यांना परवान्याशिवाय बंदूक बाळगण्याची मुभा आणखी दहा वर्षे वाढवून दिली. ही मुभा समतेच्या तत्त्वाला बाधक आहे, अशी तक्रार घेऊन एक निवृत्त लष्करी अधिकारी कर्नाटक उच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने २०२१ च्या सप्टेंबरात ती वैध ठरवली.

बंदुकीवरील नियंत्रण हा विषय निघाला की आपण सहसा अमेरिकेकडे बोट दाखवतो आणि आपल्याकडे कायदा किती कडक आहे याचे समाधान मानतो. त्या समाधानाची परीक्षा घ्यावयाची तर कोडगूपासून आरंभ करणे मला अधिक उचित वाटते, कारण बंगळूरपासून पाच-सहा तासांच्या वाटेवर असलेल्या या डोंगराळ जिल्ह्यात बंदूक ही गुपचूप बाळगण्याची वस्तू नव्हे. घरात मूल जन्मले की एक बार काढावयाचा आणि माणूस गेला की दोन, असा तेथील शिरस्ता आहे. सप्टेंबरात ‘कैलपोद’ नावाचा सण येतो. आपण खंडेनवमीला जशी हत्यारे पुजतो, तशा त्या दिवशी घरातील बंदुका घासूनपुसून देवघरापुढे मांडतात आणि आपण जिला कळलावी म्हणतो ती अग्निवर्ण फुले नळीत खोवतात. त्या फुलाचे तिकडचे नावच बंदुकीचे फूल असे आहे. परवाना नसला तरी जिल्हाधिकाऱ्याकडून सुटीचा दाखला घ्यावा लागतो. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कोणती बंदूक कोणत्या घराण्याची हे साऱ्या गावाला ठाऊक असते. शिकारीतील अपघात आणि भांडणातील अविचार तेथेही अधूनमधून घडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बंदूक मालकासकट ओळखली जाते, आणि तिच्यातून सुटलेल्या गोळीचा जाब कोणाला विचारावयाचा याविषयी संदेह राहत नाही.

देशादेशांची तुलना करणारे बहुधा बंदुका मोजतात. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेने २०१७ सालापुरती केलेली गणना या कामी सर्वत्र आधाराला घेतली जाते. तीनुसार अमेरिकेत दर शंभर माणसांमागे १२० हून अधिक बंदुका नागरिकांच्या हाती होत्या, स्वित्झर्लंडमध्ये सुमारे २८, पाकिस्तानात २२, भारतात ५ आणि जपानमध्ये एक पूर्णांकही नाही. हे आकडे निरर्थक नाहीत. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात ४८,८३० माणसे बंदुकीने मेली आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी ती स्वतःवरच चालवली होती. निराशेचा जो क्षण टळला असता तर माणूस वाचला असता, त्या क्षणी बंदूक हाताशी असणे हेच तेथे मरणाचे कारण ठरते. स्वित्झर्लंडनेही हा धडा घेतला आहे. तेथील लष्करी सेवेतील पुरुष आपली रायफल घरी ठेवीत. २००३ नंतर सैन्याचे संख्याबळ कमी केल्यावर घरोघरच्या रायफली घटल्या आणि सैन्यात जाण्याच्या वयातील पुरुषांच्या आत्महत्याही घटल्याचे अभ्यासकांना आढळले. पुढे काही वर्षांतच घरी ठेवावयाची काडतुसे सरकारने परत घेतली. बंदूक हा ज्या राष्ट्राच्या नागरिकत्वाचाच एक भाग, त्याला तिच्या अस्तित्वाची किंमत मोजून पाहावीशी वाटली, ही गोष्ट मला त्या राष्ट्राच्या प्रौढपणाची खूण वाटते.

मात्र याच गणनेतील भारताचा आकडा उलगडून पाहिला की आपल्या समाधानाचा पाया डळमळू लागतो. नागरिकांच्या हाती सुमारे ७ कोटी ११ लक्ष बंदुका असाव्यात असा तो अंदाज आहे, आणि त्यांपैकी सरकारदप्तरी नोंदलेल्या जेमतेम ९७ लक्ष. म्हणजे सात बंदुकांतील सहांना दप्तरी नाव नाही, गाव नाही, मालक नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल चाळले तरी तेच दिसते: बंदुकीने झालेल्या खुनांत परवान्याची बंदूक अपवादानेच आढळते. आपला कायदा कडक आहे हे खरे; पण तो कडक आहे तो जो माणूस दाराशी अर्ज घेऊन येतो त्याच्याशी. जो येतच नाही, त्याची या कायद्याला फारशी माहिती नाही.

असे का व्हावे, याचे कारण या कायद्याच्या जन्मात आहे, असे माझे मत आहे. लॉर्ड लिटन यांच्या अमदानीत १८७८ साली जो हत्यारांचा कायदा झाला, तो प्रजेचे प्राण वाचावेत म्हणून झाला नव्हता. प्रजेपासून राज्य वाचावे म्हणून झाला होता, आणि म्हणूनच गोऱ्या लोकांना त्यातून सूट होती. लगेच पुढच्या वर्षी वासुदेव बळवंतांचे बंड झाले. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. टिळकांनी १९०८ च्या ज्या अग्रलेखांपायी मंडाले भोगले, त्यांतही निःशस्त्र केलेल्या राष्ट्राची मानखंडना हा एक धागा होता, आणि बंदूक सरकारला जप्त करता येते पण बाँब करण्याचे ज्ञान जप्त करता येत नाही, ही त्यांची जाणीव काळाच्या किती पुढची होती हे आज कळते. २०२२ च्या जुलैत जपानसारख्या जवळजवळ बंदूकरहित देशात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा प्राण घेतला तो घरी बनविलेल्या बंदुकीनेच. १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला गेला होता. परंतु १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत हरि विष्णु कामथ यांनी तो हक्क घटनेत यावा अशी सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. हा हक्क सरसकट दिला तर तो दरोडेखोरालाही मागता येईल, हे त्यांनी समितीच्या ध्यानी आणून दिले. आंबेडकरांचा निर्णय योग्य होता. ज्या समाजात बंदूक पाटलाच्या, जमीनदाराच्या वाड्यावर प्रथम पोचते आणि वेशीबाहेरच्या वस्तीत कधीच पोचत नाही, त्या समाजात तो हक्क कोणाच्या उपयोगी पडला असता हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण हक्क नाकारल्यावर जे करावयास हवे होते, ते १९५९ च्या कायद्याने केले नाही. या माणसाला शस्त्र द्यावे काय, हा लिटनशाहीचा प्रश्न त्याने कायम ठेवला, आणि हे शस्त्र आले कोठून, हा स्वतंत्र राष्ट्राने विचारावयाचा प्रश्न पाठीमागेच राहिला.

पात्रतेच्या प्रश्नाभोवती फिरणाऱ्या कायद्यात परवाना ही हळूहळू प्रतिष्ठेची सनद होते. २०२४ च्या अखेरीस मस्साजोगच्या सरपंचाच्या निर्घृण हत्येनंतर बीड जिल्ह्याकडे महाराष्ट्राचे लक्ष गेले, तेव्हा त्या एका जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्रपरवाने दिलेले असल्याचे उघड झाले आणि प्रशासनाला अनेक परवाने रद्द करण्याची घाई करावी लागली. ते परवाने कोणी, कोणाच्या शिफारशीवरून मंजूर केले, हा प्रश्न रद्द करण्याने मिटत नाही. कमरेला पिस्तूल दिसावे हीच तेथे पुढारीपणाची पायरी झाली होती.

आणि दुसऱ्या बाजूला बेनामी शस्त्रांचा कारखाना अखंड चालू आहे. बिहारातील मुंगेर येथे मीर कासीमने अठराव्या शतकात तोफा-बंदुका घडवण्याची कला रुजवली. तेथील परवानाधारक कारखान्यांच्या मागण्या आटत गेल्या तसे पिढीजात कसब असलेले हात चोरट्या भट्ट्यांकडे वळले. आपल्या जळगाव जिल्ह्यातील चोपड्याला लागून मध्यप्रदेशच्या हद्दीत उमर्टी नावाचे गाव आहे. तेथे घडलेली पिस्तुले पुण्या-मुंबईत पकडली जातात, हे वृत्तपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एका शस्त्रकार जमातीला गुन्हेगार ठरवून मोकळे होण्यात मला न्याय दिसत नाही; ज्यांच्या हाताला दुसरे काम कोणी दिले नाही, त्यांच्या कसबाचा नफा मधले दलाल आणि विकत घेणारे उचलतात.

ब्रिटनमध्ये डनब्लेन येथील शाळेत १३ मार्च १९९६ रोजी १६ बालके आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. दुसऱ्या वर्षी तेथे खासगी पिस्तुलांवर बंदी आली. डनब्लेननंतर दीड महिन्याने ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मेली. जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने सर्व राज्यांना एका कराराखाली आणून सुमारे साडेसहा लक्ष बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. न्यूझीलंडमध्ये २०१९ च्या मार्चमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ उपासक बळी पडले, आणि महिनाभरात संसदेने लष्करी धर्तीच्या रायफलींवर बंदी घातली. या राष्ट्रांचे उपाय आपल्याला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, कारण डनब्लेन आणि क्राइस्टचर्च येथील मारेकरी परवान्याची शस्त्रे घेऊन आले होते. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. त्यांनी शोक केला आणि शोक ओसरण्यापूर्वी हत्याराचा विचार केला.

आपण तो केला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोविंद पानसरे, त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात डॉ. एम. एम. कलबुर्गी आणि ५ सप्टेंबर २०१७ च्या रात्री बंगळूरच्या राजराजेश्वरी नगरात आपल्या घराच्या दाराशी गौरी लंकेश: विवेकाची चार माणसे गोळीबाराला बळी पडली. त्या काळात आपण विचारस्वातंत्र्यावर, असहिष्णुतेवर, तपासाच्या दिरंगाईवर पुष्कळ बोललो, आणि ते बोलणे आवश्यकच होते. पण ज्या गावठी पिस्तुलांनी हे घडले, ती कोणत्या भट्टीत घडली, कोणाच्या हातून कोणाकडे गेली, याचा प्रश्न या देशाच्या सार्वजनिक वादात क्वचितच ऐकू आला. याच बंगळूरने त्यापूर्वी २८ डिसेंबर २००५ रोजी भारतीय विज्ञान संस्थेच्या टाटा सभागृहाबाहेर झालेल्या गोळीबारात दिल्लीचे निवृत्त गणिती प्रा. एम. सी. पुरी यांना गमावले होते. तेथेही हत्यार दप्तराबाहेरचेच होते.

शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आल्या, लग्नवरातीत बार काढणे हा गुन्हा ठरला, आणि बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत गेली. पण शिक्षा सापडलेल्याला होते. सापडण्याची व्यवस्था निराळी असते. अमेरिकेची अवस्था येथे विपरीत आहे. तेथील प्रत्येक कारखान्यातून निघणाऱ्या बंदुकीवर क्रमांक असतो, तरीही १९८६ च्या कायद्याने मध्यवर्ती नोंदवही करण्यास मनाई असल्याने वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्गच्या केंद्रात कारकून कागदपत्रांचे ढीग हाताने उपसत बसतात. त्यांनी आपल्या यंत्रणेला जाणूनबुजून अंध केले आहे. आपल्याकडे परवान्यांची राष्ट्रीय नोंद संगणकावर आली, पण मारणाऱ्या बंदुकीवर क्रमांकच नसतो. तिची ओळख पटवण्याचा मार्ग उरतो तो एकच, तिने झाडलेल्या काडतुसावर उमटलेली खूण.

या खुणा वाचण्याची कला आपल्याकडे नाही असे नाही. पानसरे आणि कलबुर्गी यांच्यावरील हल्ल्यांच्या ठिकाणी मिळालेल्या पुंगळ्यांचा बंगळूरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने अभ्यास केला, मुंबईच्या कलिना येथील प्रयोगशाळेनेही केला, आणि दोन्ही अहवालांत एकवाक्यता नसल्याने तपासयंत्रणेने स्कॉटलंड यार्डचे मत घेण्याचे योजले. ते तडीस गेले नाही. मग हे प्रकरण अहमदाबादच्या प्रयोगशाळेकडे गेले. मुंबई, बंगळूर, लंडन, अहमदाबाद असा पुंगळ्यांचा पत्रव्यवहार चालू असताना महिन्यांमागून महिने गेले. आणि पुढे शस्त्रांचे अवशेष ठाण्याच्या खाडीत शोधण्यासाठी पाणबुडे उतरवण्याची पाळी आली. ब्रिटनने २००८ मध्ये सापडलेले प्रत्येक हत्यार व प्रत्येक पुंगळी एकाच नोंदसाठ्याशी ताडून पाहणारी राष्ट्रीय सेवा उभी केली, ती अशा परिस्थितीसाठीच. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात सीमेवरून, पाण्यावरून वाद असोत. पण निपाणीच्या अलीकडे झालेल्या खुनाची पुंगळी निपाणीच्या पलीकडे झालेल्या खुनाच्या पुंगळीशेजारी तत्काळ ठेवून पाहण्याची कायमची सोय दोन्ही सरकारांनी मिळून करावी, यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, नवे अधिनियम लागत नाहीत.

बंगळूरच्या प्रयोगशाळेने गौरी लंकेश यांच्या अंगणातील पुंगळ्या तपासल्या तेव्हा त्या ७.६५ मिलिमीटरच्या ज्या गावठी पिस्तुलातून सुटल्या होत्या, त्याच पिस्तुलाने धारवाडात डॉ. कलबुर्गी यांचा बळी घेतला होता, असा निष्कर्ष निघाला. या दोन हत्यांमध्ये दोन वर्षे आणि सहा दिवसांचे अंतर आहे. त्या संपूर्ण काळात पिस्तुलाची खूण सरकारच्या ताब्यात होती, आणि पिस्तूल बाहेर.