आज्जीचं ताट

मागच्या रविवारी आमच्या खोलीत मोठ्याचं शिजलं. नेहमीसारखं नाही. वस्तीतला एक दोस्त आखातात हॉटेलच्या भटारखान्यात होता. तिथल्या मोरोक्कोच्या आचाऱ्याकडनं तो ताजीन शिकून आला. निमुळत्या उंच झाकणाचं मातीचं भांडं, ते ताजीन. त्यात शिजतं तेही ताजीनच. आम्ही जाड बुडाचं पातेलं घेतलं. म्हशीचं मांस एक किलो, कांदा, सुंठ, मिरी, दालचिनी. केशर परवडत नाही, हळद टाकली. मंद आचेवर तीन तास. शेवटी त्याच रश्श्यात मध घालून शिजवलेले सुके आलुबुखारे, वर भाजलेले तीळ. मोरोक्कोत हे लग्नाकार्याचं जेवण. एका ताटाभोवती सगळे बसतात, रोटीच्या तुकड्यानं खातात.

आज्जीला वाढलं. तिनं ताट सरकवलं.

"माज्या बानं सोडलंय. बाबासायबांनी सांगितलं म्हनून. मी न्हाई खायाची."

मला राग आला. मोठ्याचं खाणं हा आपला विद्रोह, असं मी सभेत बोलतो. रिंग खात्यात माझा डबा उघडला की एक जण उठून लांब बसतो, तेव्हा मला घास दुप्पट गोड लागतो. आणि घरात माझीच आज्जी लांब बसली.

रात्रपाळीला साच्यावर उभा राहून विचार केला. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितलं? मेलेल्या ढोराचं मांस. ते आपण निवडलेलं नव्हतं. गावाचं ढोर ओढायचं, त्याचा तो मोबदला. १९४८ च्या ग्रंथात त्यांनी मांडलं, की ब्राह्मणांनी गोमांस सोडलं, इतरांनी सोडलं, आणि मेल्या गाईवर जगणाऱ्यांच्या माथी अस्पृश्यता आली. म्हणजे नेम बदलला त्यांनी, विटाळ झाला आपला.

मोरोक्कोत उतरंड नसेल असं मी म्हणत नाही. पण गाईबैलाचं खाल्लं म्हणून तिथं कुणी विटाळत नाही. पाप मांसात असतं तर तिथल्या लग्नातही निघालं असतं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलही बंद. म्हशीला कायदा आडवा येत नाही, शेजार येतो.

मग आज्जी चुकली का? पडीचं आणि विकतचं एक नाही, हे मी तिला सांगू शकतो. पण तिच्या बानं गावाला पहिल्यांदा 'नाही' म्हटलं, ते ह्याच घासावरनं. तो नकार तिनं जन्मभर सांभाळला. गावानं आपल्याला खायला लावलं. मी विद्रोहाच्या नावानं तिला खायला लावलं, तर फरक काय राहिला?

दोस्तांनो, कुणी काय खाल्लं हे मोजू नका. त्याला नाही म्हणता येत होतं का, एवढं विचारा.

सकाळी पाळीवरनं आलो. तिच्यासाठी पिठलं टाकलं. उरलेलं ताजीन मी तिच्या शेजारी बसून खाल्लं. ती उठून गेली नाही.