सांगायचं, पण कोणाला?

वसईच्या चर्चमध्ये लग्न ठरलेल्या जोडप्यांची नावं रविवारच्या मिस्सेत वाचून दाखवतात. लग्नाला काही अडथळा असल्याचं कुणाला ठाऊक असेल, तर त्याने फादरांना येऊन सांगावं, असंही बजावतात. ही नुसती रीत नव्हे. कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं १०६९वं कलम प्रत्येक भाविकावर तसं बंधनच घालतं.

समजा, पतपेढीत कारकून असलेला एक तरुण अशाच मिस्सेहून अस्वस्थ होऊन घरी आला. वाचलेल्या नावांतल्या एका मुलाचं खातं रोज त्याच्याच टेबलावर असतं. दोन कर्जं थकलेली, त्यातलं एक आईच्या दागिन्यांवर काढलेलं. मुलगी शेजारच्या आळीतली. धर्मशिक्षणाच्या वर्गात कित्येक पिढ्या घडवलेली त्याची आत्या ओट्यावर वाल सोलत बसली आहे.

“आत्या, मुलीच्या घरी सांगू का? कर्ज हा काही चर्चच्या कायद्यातला अडथळा नाही, ठाऊक आहे मला. पण तिला कळायला नको?”

“सांगावंसं का वाटतं? तिच्यासाठी, की पोटात राहत नाही म्हणून?”

“खरं तेच सांगणार आहे. त्यात कसलं पाप?”

“खरं आहे म्हणून सुटत नाहीस, बाबा.”

आत्याचं म्हणणं चर्चच्या शिकवणुकीला धरून आहे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४७७व्या परिच्छेदात खोटा आळ घेण्याबरोबरच, सबळ कारण नसताना दुसऱ्याचा खरा दोष चव्हाट्यावर आणणंही अपराध मानलं आहे. संत ऑगस्टीनने तर जेवणाच्या टेबलावरच ओळी लिहून ठेवल्या होत्या: पाठीमागे निंदा करणाऱ्याला इथे जागा नाही. एकदा पाहुणे आलेले बिशपच कुणाची तरी उणीदुणी काढू लागले. ऑगस्टीन त्यांना म्हणाला, या ओळी पुसून टाका, नाहीतर मी माझ्या खोलीत जातो. त्याचा चरित्रकार पोसिडियस हे सांगतो, आणि तो स्वतः त्या टेबलावर जेवलेला माणूस होता.

पुतण्या ऐकून घेतो, पण त्याचं समाधान होत नाही. “याच शिकवणीने किती तोंडं बंद केली, आत्या! बोस्टनमध्ये धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार वर्षानुवर्षं दाबले गेले. चर्चचं नाव खराब होईल म्हणून. २००२मध्ये वर्तमानपत्राने ते बाहेर काढलं, तेव्हा कुठे कार्डिनलला पद सोडावं लागलं.”

आत्या वालाची परडी बाजूला ठेवते. “ते मौन म्हणजे पापच. मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभू सांगतो, अपराध करणाऱ्या भावाशी आधी एकट्याने बोल, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. पण अत्याचार झालेल्या लेकराला कुणी त्या माणसाच्या खोलीत एकटं पाठवतं का? तिथे सरळ पोलीस.”

आपल्याकडे २०१२च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरच्या अशा अत्याचारांची माहिती पोलिसांना देणं सक्तीचंच केलं आहे. चर्चलाही उशिरा का होईना जाग आली. २०१९मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांवरचं गुप्ततेचं बंधन काढून टाकलं. निंदा टाळण्याची शिकवण बलवानांच्या हाती गेली की ती दुबळ्यांचीच तोंडं बंद करते, हे ख्रिस्ती समाज मोठी किंमत मोजून शिकला.

“मग या मुलीचं काय?” पुतण्या पुन्हा मूळ प्रश्नावर येतो.

“तुला हे नोकरीमुळे कळलं. ते गुपित तुझ्या मालकीचं नाही. फारच मोठं नुकसान टळणार असेल, तरच ते फोडता येतं.”

“आयुष्यभराचं कर्ज गळ्यात पडणं मोठं नाही?”

इथे आत्या लगेच उत्तर देत नाही, आणि ते योग्यच आहे. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने लिहिलं, की कुणाच्या भल्यासाठी, गरज म्हणून, योग्य रीतीने सांगितलेला दोष निंदा ठरत नाही. निंदा आवडीने ऐकणाराही त्याच्या मते पापाचा वाटेकरी. म्हणजे कोण बोलतं याइतकंच कोण ऐकतं हेही पाहायचं. मुलीला ऐकण्याचा हक्क आहे, आळीला नाही.

“आधी त्या मुलालाच गाठ,” आत्या शेवटी म्हणते. “म्हणावं, लग्नाआधी तूच तिला सांग.”

“नाही सांगितलं तर?”

“तर तिला एवढंच सांग, की लग्नाआधी दोघांनी कर्जाचे कागद एकमेकांसमोर ठेवा. आकडा सांगू नकोस, खातं सांगू नकोस.”

“ही पळवाट झाली, आत्या.”

“असेल. पण तिने विचारलं, की त्याला उत्तर द्यावं लागेल.”

पळवाटेचा आक्षेप खोटा नाही. सूचनेतूनही बदनामी होऊ शकते. तरीही आत्याचाच मार्ग बरा, कारण त्यात मुलगी अंधारात राहत नाही आणि मुलाला स्वतःच्या तोंडाने बोलायची संधी मिळते. एका कारकुनावर हे ओझं पडूच नये, याची सोय मात्र चर्चच्या हातात आहे. विवाहपूर्व शिबिरं चालवणाऱ्या फादरांनी आणि प्रापंचिकांनी कर्जाचा प्रश्न प्रत्येक जोडप्याला विचारावा, श्रीमंत-गरीब न पाहता. सगळ्यांनाच विचारलं, तर कुणा एकाकडे बोट जाणार नाही.