रोपांच्या मोजणीपलीकडे

मध्य प्रदेशात बालाघाटहून बैहरकडे जाताना वाटेत उकवा लागतं. जमिनीखाली मॉईल या सरकारी कंपनीची मँगनीजची खाण, वर वस्ती आणि बाजार, भोवती डोंगर आणि रान. निम्म्याहून अधिक भूभाग वनांखाली असलेल्या या जिल्ह्यात ‘शहरात निसर्गाला जागा द्या’ ही हाक जरा उलटीच वाटते. इथे वस्तीनेच रानाकडून जागा घेतली आहे. शहरात निसर्गाला जागा देण्याची कल्पना कशी घडत गेली, हे उकव्यावरून पाहिलं तर तिची ताकदही कळते आणि उणीवही.

मॉईलच्या आधीच्या कंपनीची मुळं १८९६ सालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जातात. तेव्हा या मुलखाची राजधानी नागपूर होती. त्या काळी विभागणी सरळ होती: जंगल लाकडासाठी, डोंगर खनिजासाठी आणि झाडं-फुलं बंगल्याच्या आवारात. या विचाराला छेद दिला स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी. १९१५च्या सुमारास त्यांनी नागपूरच्या नगररचनेचा अभ्यास केला. हिवतापाच्या भीतीने शहरातली तळी बुजवण्याचा सपाटा सुरू असताना तळी राखा, साफ करा, डासांच्या अळ्या खायला त्यांत मासे सोडा, असं ते सांगत. पाणी आणि त्यातले जीव शहराचं आरोग्य सांभाळतात, ही दृष्टी त्या सल्ल्यामागे होती.

ती दृष्टी पुढे मागे पडली. १९७५मध्ये महाराष्ट्राने नागरी क्षेत्रांसाठी वृक्षसंरक्षणाचा कायदा केला. त्याने असंख्य झाडं वाचवली, हे मान्यच करायला हवं. पण त्याबरोबर हिशेबाची सवयही लागली: एक तोडलं, अमुक लावली. लवकर वाढतात म्हणून सुबाभूळ आणि ग्लिरिसिडियाही भरमसाट लावले गेले. रोपांची संख्या वाढली. पण त्या झाडांवर कोण जगतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

रोपांच्या हिशेबापलीकडचं एक उत्तर खाणीच्याच कचऱ्यात सापडलं. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीवर ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी टाकाऊ मालाच्या ढिगावर काम केलं. अशा ढिगावर सेंद्रिय अंश जवळपास नसतो, पाणी टिकत नाही, उन्हात दगड तापतात. तिथे नुसतं रोप खोचणं म्हणजे ते मारणंच. त्यांनी खड्ड्यांत साखर कारखान्यातला प्रेसमड घातला, मुळांना नत्र पुरवणारे जिवाणू आणि स्फुरद मिळवून देणारी बुरशी जोडली. मगच साग, शिसम यांसारखी झाडं उभी राहिली. आधी माती जिवंत करा, मग झाडाचं बोला, हा या प्रयोगाचा धडा. मुंबईत धारावीलगतच्या जुन्या कचराभूमीवर वाढवलेलं माहीम निसर्ग उद्यान १९९४मध्ये खुलं झालं. मोडलेली जमीन सावरू शकते, हे त्यानेही दाखवलं.

२००२च्या जैवविविधता कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमावी, लोकांना ठाऊक असलेल्या जिवांची नोंदवही करावी, असं त्यात ठरलं. जाणकारीचा मान गुराख्याला आणि वैदूलाही मिळाला.

तरीही एक गोष्ट राहिली होती: जिवांना नुसती जागा पुरत नाही, ये-जा करायला वाटही हवी. कान्हा आणि पेंच या व्याघ्रप्रकल्पांना जोडणारा जंगलपट्टा बालाघाट जिल्ह्यातून जातो. तो तुटला, तर दोन्हीकडचे वाघ आपापल्या बेटांवर अडकतील. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचजवळ रस्ता उचलून त्याखालून जनावरांसाठी मार्ग सोडले. वाघ त्यांतून ये-जा करताना कॅमेऱ्यांत टिपले गेले. पण रस्ता आधी आणि वाट नंतर, हा सौदा महागाचा.

मोठ्या शहरांना आता गमावलेलं परत विकत घ्यावं लागतं. उकव्यासारख्या गावांकडे ते अजून शिल्लक आहे. म्हणून त्यांनी महानगरांची बागबगिच्यांची नक्कल करू नये. आराखड्यावर आधी ओढे, तळी आणि जनावरांच्या वाटा काढाव्यात. घरं, दुकानं, गोदामं त्यानंतर. हे काम ग्रामपंचायतीच्या हातातलं आहे, आणि ते वाढीच्या आधीच व्हायला हवं.